न उचलायचा फोन

आमच्या कारखान्यात दोन फोन होते. एक शेठजींच्या टेबलावर. त्यावर दिवसभर आरडाओरडा चाले, कारण ट्रंक कॉलच्या काळात सवय लागलेली माणसं इंदूरशी बोलताना, तारेशिवायही इंदूरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलत. दुसरा फोन पॅकिंग खात्यात, खांबाला ठोकलेल्या फळीवर. काळा, जड, डायलच्या भोकांत धूळ बसलेला. त्यावर कोणीच कधी बोलत नसे. मी नोकरीला लागले तेव्हा तो चालू आहे हेही मला कळलं नव्हतं.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाची. कारखाना जळगावच्या एमआयडीसीत, प्लॅस्टिकच्या चटयांचा. बी.एस्सी.ला कॉम्प्युटर घेतलेली मी एकटीच अर्ज घेऊन आले म्हणून मला घेतलं, असं शेठजी सगळ्यांना सांगत, आणि ते खरंच होतं. मला सगळे ताई म्हणत, आईच्या वयाच्या बायकासुद्धा. माझ्या खोलीला काचेची भिंत होती आणि आत एसी होता. जळगावच्या वैशाखात विजेच्या बिलाच्या भीतीने स्वतःच्या डोक्यावरचा पंखा बंद ठेवणाऱ्या माणसाने मशीनसाठी एसी घेतला, याचं बायकांना फार नवल. "ताई, किती वाजले?" विचारायला त्या सारख्या दार उघडत, आणि उत्तर मिळाल्यावरही दारातच उभ्या राहत. मी चिडायचे. मला राग पटकन येतो, तेव्हाही यायचा. मग गार हवा बाहेर जाते म्हणून मीच त्यांना आत ओढून दार लावून घ्यायचे.

त्यांतली सगळ्यांत जुनी म्हणजे अक्का. काचेच्या बरोबर पलीकडे, त्या खांबाशी बसून ती चटयांचे गठ्ठे सुतळीने बांधायची. ती वेळ विचारायला कधी आली नाही. तिचा एकुलता एक मुलगा कारखान्याच्याच ट्रकवर ड्रायव्हर होता, माल घेऊन इंदूरला जायचा. पहाटे निघायचं, एरंडोल, पारोळा, धुळं, सोनगीर, शिरपूर करत दुपारी सेंधव्याचा घाट चढायचा, असा त्याचा रस्ता. अक्का बोलायची कमी आणि बांधायची भराभर. तिच्या गाठी सोडवताना इंदूरचे हमाल शिव्या देतात, असं तिचा मुलगा कौतुकाने सांगायचा.

शेठजींचा मुलगा, ज्याला सगळे छोटे शेठ म्हणत, तो पुण्याला शिकून आला होता आणि त्याच्या डोक्यात ईमेल शिरलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तसा प्रकार. व्हिजिटिंग कार्डावर ईमेलचा पत्ता आधी छापून आला आणि ईमेल कसं येणार याचा विचार नंतर सुरू झाला. तो विचार अर्थात मीच करायचा होता. एक कॉम्प्युटर मेल सर्व्हर करायचा ठरला. त्याने दिवसातून दोन-तीनदा फोन लावून बाहेरचं सगळ्यांचं टपाल गोळा करून आणायचं आणि ज्याचं त्याच्या खणात टाकायचं, म्हणजे थोडक्यात पोस्टमनच. शिवाय धुळ्याच्या शाखेने तिथून याच कॉम्प्युटरला फोन लावून आपला खण उघडायचा. मॉडेम एकच, तेव्हा दोन्ही कामांना एकच लाईन.

पण ती लाईन आणायची कुठून? शेठजींच्या फोनला हात लावायची कोणाची टाप नव्हती, आणि शेठजी तेव्हा लग्नकार्यासाठी राजस्थानात गेले होते. नव्या फोनसाठी अर्ज करून वाट बघायची छोट्या शेठची तयारी नव्हती. तेवढ्यात मला काचेतून खांबावरचा तो काळा फोन दिसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी बाहेर जाऊन रिसीव्हर उचलला, डायल टोन खणखणीत होता. मी खात्यातल्या सगळ्यांना विचारलं. अक्कालाही विचारलं, "अक्का, हा फोन कोण वापरतं?"

"कोनीच नही," अक्का सुतळी दातांत धरून म्हणाली. "त्याले कोनी हात बी लावत नही."

झालं. वायरमन बोलावून मी त्या लाईनची एक तार काचेतून आत घेतली आणि मॉडेमला जोडली. फोन खांबावर तसाच ठेवला, कारण तो काढायचा तर फळीही काढावी लागली असती. मॉडेमला मी पहिल्याच रिंगला फोन उचलायला लावलं. धुळ्याच्या फोनला ताटकळायला नको, हा त्यामागे माझा शहाणपणा.

धुळ्याची शाखा म्हणजे एक नाना. निवृत्तीला आलेले, हायवेजवळ एका गाळ्यात बसून निम्म्या खानदेशाला चटया पुरवणारे. तोवर त्यांच्या ऑर्डरी बंद पाकिटात, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती यायच्या आणि जळगाव स्टँडवर आमचा शिपाई त्या उतरवून घ्यायचा. ती पद्धत एकदाही चुकली नव्हती, त्यामुळे नानांना हे नवं प्रकरण आवडण्याचं काही कारण नव्हतं. तरी मी धुळ्याला जाऊन त्यांना शिकवलं. मॉडेम किंचाळायला लागला की ते कानांवर हात ठेवून बसत. पहिलं ईमेल त्यांनी पाठवलं आणि लगेच शेठजींच्या टेबलावरच्या फोनवर मला फोन केला. "ताई, आत्ता मी तुम्हाला ईमेल केलं आहे. त्यात लिहिलंय की दोनशे चटया हिरव्या हव्यात. मिळालं का बघा. नाही मिळालं तर मी हे फोनवर सांगितलंच आहे." पुढे कित्येक आठवडे त्यांनी एकही ईमेल फोन केल्याशिवाय पाठवलं नाही.

त्या पहिल्या दिवशी मी हवेत होते. छोट्या शेठने सगळ्यांना पेढे वाटले. संध्याकाळी पाळी सुटली, बायका डबे घेऊन निघाल्या, आणि अक्का खांबाशी तशीच बसून राहिली. पेढा तिने कागदावर ठेवून दिला होता. मला खोलीला कुलूप लावायचं होतं.

"अक्का, घरी नाही जायचं?"

"अर्धी रिंग उनी, ताई," ती म्हणाली. "दुपारले. अर्धी कधीच येत नही."

मला काही कळेना. मी जरा तोडूनच विचारलं, कसली रिंग, कोणाची?

"मना आंडोरनी. घाट पार व्हयना का तो सेंधवाले थांबस. बूथवरथून दोन रिंगा देस आनि ठेई देस. मी ऐकस. बठ्ठं समजी जास."

आंडोर म्हणजे तिचा तो ट्रकवरचा मुलगा. मी तिच्या शेजारच्या गठ्ठ्यावर बसले. न उचललेल्या फोनचे पैसे पडत नाहीत, हे आमच्या सगळ्या मुलखाला पाठ. मी स्वतः धुळ्याला हॉस्टेलवर राहायचे तेव्हा पोचले की शेजारच्या काकूंच्या फोनवर एक रिंग द्यायचे, आणि काकू भिंतीवर थाप मारून माझ्या आईला कळवायच्या. आणि तरीही त्या फोनवर रिंगच येत असेल, असं माझ्या मनात आलं नव्हतं, आणि एसीच्या घरघरीत मला ती कधी ऐकूही आली नव्हती.

"अगं, पण मी विचारलं तेव्हा सांगायचं नाहीस का?"

"तू इचारं, कोन वापरस. वापरत ते कोनीच नही."

ती खरंच बोलली होती. मग तिने हळूहळू सांगितलं. तिचा नवराही ट्रकवरच होता, दुसऱ्या एका मालकाच्या. त्याच घाटात गाडी दरीत गेली. "त्याना बाप गया ना घाटमा, तवय माले दुसरा दिन समजनं. रातभर मी त्यानी भाकर झाकी ठेयेल व्हती." हे सांगताना ती रडली नाही. मुलगा ड्रायव्हर व्हायला निघाला तेव्हा तिने त्याच्याकडून शब्द घेतला होता, की घाट पार झाला की दोन रिंगा द्यायच्या, नाहीतर ट्रकवर जायचं नाही. तेव्हापासून दोन रिंगा वाजल्यावरच ती डबा उघडायची, आणि त्या दिवशीचा तिचा डबा संध्याकाळपर्यंत बंद होता. कळण्याची भाकरी आणि ठेचा, तसाच पिशवीत.

दुसऱ्या दिवशी मुलगा सुखरूप परत आला, पण तणतणत. बूथवाल्याने त्याच्याकडून पैसे घेतले होते. फोन लागला, आणि पलीकडे कोणीतरी कर्कश किंचाळलं. बूथवाला म्हणाला, फोन उचलला म्हणजे पैसे द्यावे लागतील, मग उचलणारं कोणी का असेना. त्याने मला विचारलं, "ताई, कारखानामा काय पाळेल शे?" मी त्याला खोलीत नेऊन मॉडेम दाखवला. एवढीशी डबी आणि एवढा आवाज, म्हणत तो हसला. मी मात्र मॉडेमची सेटिंग बदलायला बसले. आता त्याने चार रिंगा होईपर्यंत गप्प राहायचं होतं. दोन रिंगा मोकळ्या सुटल्या की अक्काचं काम होईल, आणि धुळ्याचा फोन चौथ्या रिंगला घेतला जाईल. शिवाय भर दुपारी, ट्रक घाटात असतो त्या वेळेला, धुळ्याने फोन लावायचा नाही, असं मी सर्व्हरवरच बांधून टाकलं. टपाल आणायच्या वेळाही दुपार टाळून ठेवल्या.

नानांना मी कारण सांगितलं. मला वाटलं, कुरकुर करतील. ते म्हणाले, "ताई, दुपारी मी तसाही झोपतो."

पुढच्या खेपेला दोन रिंगा वाजल्या. मॉडेमचा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. काचेपलीकडे अक्काने डबा उघडला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, सगळे प्रश्न सोडवून मोकळी झाले असं वाटलं. इतकं सोपं काही नसतं, पण कळायला वेळ लागतो.

त्यानंतर पावसाळा संपता संपता छोटे शेठ दिल्लीला एका प्रदर्शनाला गेले. इंदूरच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला नवी डिझाइनं हवी होती. ती त्याने दुसऱ्या दिवशी पसंत केली असती तर कारखान्याला वर्षभराचं काम मिळालं असतं. छोट्या शेठनी सांगितलं, फोटो ईमेलने पाठवतो, प्रिंट काढून लगेच इंदूरला द्या. राजस्थानातून केव्हाच परतलेले शेठजी सकाळपासून विचारत होते, आले का फोटो? त्या दिवशी आमची लाईनही खरखरत होती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. सकाळचं टपाल आणायला सर्व्हरने फोन लावलेला बघून मी टेलिफोन ऑफिसात तक्रार द्यायला गेले. तिथे साहेब जागेवर नव्हते, मग जेवायला गेले, मग आले आणि म्हणाले, फॉर्म दुसऱ्या खिडकीवर. दुपार उलटून गेल्यावर मी तणतणत परतले.

दारातच शेठजींच्या टेबलावरचा फोन माझ्या हाती आला. धुळ्याचे नाना. "ताई, दुपारची बंदी संपली, पण तुमचं यंत्र काही लागत नाही. एंगेज, एंगेज. आणि तिकडे घाटात काहीतरी झालंय. टँकर उलटलाय म्हणतात, खाली एक ट्रकही गेलाय म्हणतात. शिरपूरच्या पुढे गाड्या उभ्या आहेत. आपली गाडी सकाळी इथून गेली. तिची रिंग आली का?"

आज पुन्हा यंत्राला फोन लावू नका, असं नानांना सांगून मी पॅकिंगमध्ये गेले. सगळ्या बायकांचे हात थांबले होते. टँकरची बातमी माझ्याआधीच कोणीतरी आत आणली होती. अक्का खांबाला टेकून फोनकडे बघत होती, शेजारी डब्याची पिशवी, गाठ न सोडलेली. मी काचेतून आत पाहिलं. मॉडेमचे सगळे दिवे पेटलेले होते.

आत जाऊन पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं काय झालं ते. छोट्या शेठनी दिल्लीहून सगळी डिझाइनं, मोठ्यात मोठी करून, एकाच ईमेलमध्ये कोंबली होती. नाकापेक्षा मोती जड. सर्व्हर ते ओढून आणत होता, निम्म्यात आला की खरखर होऊन लाईन तुटत होती, आणि तो पुन्हा फोन लावून पहिल्यापासून सुरुवात करत होता. टपाल पूर्ण मिळेपर्यंत सोडायचं नाही, असं त्याला शिकवलेलं होतं. सकाळपासून तो तेवढंच करत बसला होता. सकाळचं टपाल आणणं संपलंच नव्हतं, म्हणून दुपारची मोकळी वेळही त्याने खाल्ली. तो फोन सकाळपासून एकदाही वाजू शकणार नव्हता. मुलगा घाटाच्या वर होता की खाली, हे सांगणारी वाटच बंद होती.

आणि त्या वेळी, नशीब बघा, ते ईमेल जवळजवळ पूर्ण आलं होतं. पडद्यावरची निळी पट्टी शेवटाला टेकत आली होती. दारात शेठजी उभे होते. "आलं का?"

"येतंय," मी म्हणाले, "पण मी तोडतेय."

"काय तोडतेस?"

मी बोलत बसले नाही. भिंतीतून तार उपसली. पट्टी थांबली आणि दिवे विझले. शेठजी गोरेपान, आणि रागावले की कानांपर्यंत लाल व्हायचे. ते लाल झाले. मी काचेपलीकडे बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाले, "शेठजी, या लाईनवर अक्काची रिंग येते."

ते बाहेर आले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी नोकरी जाणार. ते अक्कासमोर थांबले, तिच्या पिशवीकडे पाहिलं, आणि धोतर सावरून समोरच्या गठ्ठ्यावर बसले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "या फोनचं भाडं मी इतकी वर्षं भरतो. एकही कॉल नसायचा बिलात. तुला काय वाटलं, माझ्या ध्यानात नाही आलं?"

पंखा बंद ठेवणारा हा माणूस. त्यांना ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्यांनी अक्कालाही कधी कळू दिलं नव्हतं. मॉडेम कुठल्या लाईनवर बसवला हे विचारायचं मात्र त्यांच्याकडून राहून गेलं होतं.

आम्ही सगळे बसलो. यंत्रं चालू होती, पण त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. कोणी अक्काला पाणी दिलं, तिने ते हातात धरून ठेवलं. मी तिच्या शेजारी सरकून बसले आणि तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागू दिला. इतकी भीती मला माझ्या परीक्षांच्या निकालांनाही वाटली नव्हती. मनात मी त्या ड्रायव्हर पोराला म्हणत होते, दे रे बाबा, दे एकदा.

फोन वाजला.

एक. अक्काचे डोळे मिटले. दोन. मागे कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला. शेठजींचा हात गुडघ्यावरून उठायला लागला.

तीन.

अक्काने डोळे उघडले. मुलाच्या तीन कधीच नव्हत्या. चार. मॉडेमची तार काढलेली, तेव्हा तो फोन कोणी उचलणारच नव्हतं. पाच. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, आणि पाहायचंही नाही. दोन रिंगा म्हणजे सगळं ठीक. त्याहून जास्त म्हणजे बोलायचं आहे, आणि त्या रस्त्यावरून कोणाला काय बोलायचं असतं, ते तिला माहीत होतं.

"उचल, अक्का," शेठजी म्हणाले.

ती हलेना. मीच रिसीव्हर उचलून तिच्या हातात दिला. तिने तो उलटा धरला, बोलायचा भाग कानाला लावून. इतकी वर्षं त्या फोनशेजारी बसून तिने तो कधी हातात घेतला नव्हता. मी तो फिरवून नीट धरला. तिकडचा आवाज इतका मोठा होता की आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"माय? माय, तू शे का?"

"शे ना," अक्का बसल्या जागेकडे बोट दाखवत म्हणाली. "आठेच शे."

"फोन कोन उचलेल व्हता? दुपारपाईन मी लावस, एंगेज येस. तुले काय व्हयनं?"

"माले काय व्हवाले? तू घाटमा अडकना का?"

"मी ते टँकरना पहिलेच पार व्हयनू. दुपारपाईन आठेच बूथवर उभा शे. माले वाटनं..." आणि तो थांबला. मोठा बाप्या माणूस, मिशीवाला, फोनवर रडत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो फोन कधी कोणी उचलत नाही, आणि दुपारी मॉडेमही त्याला हात लावत नाही, हे त्यालाही माहीत होतं. तो फोन एंगेज आहे म्हणजे कोणीतरी उचलला, आणि तो फोन कोणी उचलला असेल तर कारखान्यात काहीतरी भयंकर घडलं असेल. काही घडल्याशिवाय पॅकिंगमधून कोण कशाला फोन करेल? दुसऱ्या दिवशी परत आल्यावर त्याने मला सांगितलं, शेठजींच्या नंबरवर करावा असं दहा वेळा मनात आलं, पण ते उचलून काय सांगतील याची भीती वाटली. म्हणून गाडी रस्त्याकडेला लावून तो तोच नंबर फिरवत राहिला. मागची गिऱ्हाइकं खेकसत होती, तरी त्याने बूथ सोडला नाही. आणि शेवटी रिंग वाजली, तेव्हा दोनवर ठेवायचं त्याला सुचलंच नाही. आजवर मी समजत होते की त्या दोन रिंगा मुलगा आईला देतो. त्यातली एक, फोन न उचलता, आई त्याला देत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"तुले काही नही ना व्हयनं?" तो पुन्हा म्हणाला.

"नही रे. फोटू येत व्हतात."

"कोना फोटू?"

"चटायास्ना," अक्का म्हणाली. तिकडे तो हसला, आणि इकडे सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेठजीही हसले, आणि मग चष्मा काढून पुसत बसले.

"ठेव आते," अक्का म्हणाली. "पैसा पडतीन." तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला. मग पिशवीची गाठ सोडली, डबा उघडला, भाकरी मोडली, आणि पहिला तुकडा तोंडात घातल्यावर तिला रडू फुटलं.

डिझाइनं शेवटी छोट्या शेठनी कागदावर काढून कुरिअरने पाठवली. इंदूरचा व्यापारी दोन दिवस थांबला. त्याला थांबवायला शेठजींनी फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, दार लावलेलं होतं.

त्याच संध्याकाळी मी सर्व्हरला ईमेलच्या मापाची मर्यादा घातली. ठरावीक मापापेक्षा मोठं काही आलं तर ते ओढायचंच नाही, तिकडेच राहू द्यायचं, आणि पाठवणाऱ्याला एक ओळ जाईल. लाईन तुटली तर सारखं लावत बसायचं नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. आणि दुपारी, काहीही राहिलं असलं तरी, फोन खाली ठेवायचा. छोटे शेठ दिल्लीहून आले तेव्हा त्यांचं दुसरं एक मोठं ईमेल असंच परत फिरलं होतं आणि ते भडकलेले होते. एवढीशी मर्यादा ठेवलीय, एक फोटो धड मावत नाही, हे माप ठरवलं कोणी?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलामागून शेठजी म्हणाले, "मी. छोटं लिहायला शीक."

आठवड्याने ट्रक पुन्हा इंदूरला निघाला. दुपारी मी काही ना काही निमित्त काढून पॅकिंगमध्ये होते, शेठजी मालाची बिलटी बघायला आले होते, आणि धुळ्याच्या नानांनी, ईमेल न करता, सरळ फोन करून गाडी वेळेवर पुढे गेल्याचं कळवलं होतं. फोन वाजला. एक. दोन. आणि थांबला. अक्काने फोनकडे बघून, कोणी लहान मूल समोर उभं असावं तशी मान हलवली.

"जाय," ती म्हणाली. "मी शे."